बाटली दिसत नाही, पण जाहिरात दारूचीच

प्रश्न : दारूच्या जाहिरातींना बंदी आहे, मग क्रिकेटचा सामना लावला की सोडा, पाणी, म्युझिक सीडी यांच्या नावाखाली तीच नावं कशी झळकतात? माझा बारा वर्षांचा मुलगा त्यातली घोषवाक्यं घडाघडा म्हणतो. हे कायद्यात बसतं का? आणि ‘झिरो पॉइंट झिरो’ या बिनअल्कोहोलच्या बिअरच्या जाहिरातीला काय म्हणायचं?
– एक वाचक

उत्तर : ही दारूचीच जाहिरात आहे, हा तुमचा संशय बरोबर आहे. मी उपयोजित कला शिकवते. विद्यार्थ्यांसमोर एकाच ब्रँडच्या बिअरचं आणि सोड्याचं लेबल शेजारी शेजारी ठेवते आणि नाव बोटानं झाकायला सांगते. अक्षरांचं वळण, रंग, चिन्ह, सोनेरी कड यांवरून कोणतं लेबल कशाचं, हे बहुतेकांना सांगता येत नाही. सगळा खेळ इथेच आहे. कायदा वस्तू दाखवायला मनाई करतो. कंपनीला मात्र फक्त खूण डोक्यात ठसवायची असते. थायलंडमध्ये २००८च्या कायद्यानं मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधनं आणली. तिथे चांग बिअरवरचे समोरासमोरचे दोन हत्ती त्याच नावाच्या पिण्याच्या पाण्यावरही आहेत.

फ्रान्सचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथे १९९१पासून दारूच्या जाहिरातींवर बंधनं घालणारा एव्हँ कायदा आहे. त्यामुळे हायनेकन या बिअरच्या नावाची ‘हायनेकन कप’ ही रग्बी स्पर्धा तिथे ‘एच कप’ म्हणून खेळवली जायची. २०१६च्या युरो फुटबॉल स्पर्धेत मैदानाकडेच्या फलकांवर कार्ल्सबर्ग बिअरचं नाव नव्हतं. होते ते त्यांच्या घोषवाक्यातले ‘प्रॉबॅब्ली’सारखे शब्द, त्यांच्याच वळणदार अक्षरांत, त्यांच्याच हिरव्या रंगावर. २०१९च्या सिक्स नेशन्स रग्बीत गिनेस या बिअर कंपनीनं पॅरिसमध्ये आपल्या नावाच्या जागी ‘ग्रेटनेस’ लिहिलं. नाव पुसूनही जाहिरात पुरी होते, कारण उरलेलं नाव पाहणारा मनातल्या मनात भरतो. तुमच्या मुलाची घोषवाक्यं नेमकी हेच काम करतात, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमांत २०००मध्ये दारूच्या जाहिरातींना मनाई झाली. त्यानंतर किंगफिशरचं पाणी, इंपीरियल ब्लूच्या म्युझिक सीडी असं सगळं पडद्यावर आलं. गाणी मोबाइलवर ऐकायची सवय लागून किती वर्षं झाली, तरी सीडीची जाहिरात चालूच राहिली. विकायची वस्तू सीडी नव्हती, हे यावरूनच कळतं.

आता कायद्याचं. त्याच नावाची दुसरी खरीखुरी वस्तू विकणं गुन्हा नाही, आणि कंपन्या याच फटीतून शिरतात. मात्र जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढून अशा आडून केलेल्या, म्हणजे सरोगेट जाहिरातींना स्पष्ट मनाई केली. जाहिरातीला बंदी असलेल्या मालाशी जोडलेलं नाव, चिन्ह किंवा रंग वापरून तो माल सुचवला, तर ती सरोगेट जाहिरात ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम चांगला आहे. पण एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम जड जाईल असं मला वाटत नाही.

‘झिरो पॉइंट झिरो’चं उत्तर आयर्लंडमध्ये सापडेल. तिथल्या कायद्यानं सामना चालू असताना मैदानावर मद्याच्या जाहिरातींना मनाई केली, आणि २०२२च्या सिक्स नेशन्सच्या वेळी डब्लिनमध्ये गिनेस ०.०चे फलक दिसले. हे पेय खरोखर बिनअल्कोहोलचं आहे, आणि ज्यांना दारू टाळायची आहे त्यांच्या ते कामाचंही आहे. पण दुरून पाहणाऱ्याला मोठं नाव आधी दिसतं, शून्यं नंतर.

मुलाला रागावू नका. घोषवाक्य लक्षात राहणं हा त्याचा दोष नाही. पुढची जाहिरात लागली की आवाज बंद करून त्याला विचारा, ‘यात सोडा किती वेळ दिसला? मग बाकीचा वेळ काय दाखवलं?’ एखादी जाहिरात फारच उघड वाटली, तर तारीख, वेळ आणि वाहिनी टिपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.