हात थरथरतो म्हणजे कंपवातच (पार्किन्सनचा आजार) असतो का? ही थरथर थांबवता येते का?

प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. कंपवातात हात मांडीवर निवांत असताना सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हलतो आणि काही उचलायला गेल्यावर बहुधा कमी होतो. याउलट ‘इसेन्शियल ट्रेमर’मध्ये तो चहाचा कप ओठांशी नेताना किंवा सही करतानाच कापू लागतो, आणि हा विकार पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. हा फरक आधी ओळखावा, कारण पहिल्यात मुख्यतः लेव्होडोपा, तर दुसऱ्यात प्रोप्रानोलॉल (दमेकऱ्यांनी हे टाळावे) किंवा प्रिमिडोन देतात. औषधांनी भागले नाही, तर मेंदूतील थॅलॅमस या खोलवरच्या भागात बारीक तार बसवून विजेचे जलद स्पंद देता येतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे मेंदूशल्यचिकित्सक बेनाबिद यांनी १९८७ मध्ये हा मार्ग दाखवला. त्याने कंप दबतो, मूळ आजार मात्र राहतो.