यंत्र आपले, हुकूम कोणाचा?

संगणक, फोन आणि डिजिटल हक्कांविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे. नावे वाचकांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझे यावलला कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात २०१७ साली घेतलेले दोन संगणक आहेत. एकावर बिले, खतांचा साठा आणि उधारी चालते. दुसऱ्यावर मुलगा शेतकऱ्यांना सातबारा काढून देतो आणि अर्ज भरतो. दोन्हींवर विंडोज १० आहे. ‘विंडोज ११ यावर चढणार नाही, नवे घ्या,’ असे विक्रेता सांगतो. यंत्रे तर धडधाकट आहेत. आते काय करानं, भाऊ?

उत्तर : यंत्रे धडधाकट आहेत हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले, एवढेच घडले आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो, आणि २०१७ च्या सुमारास विकले गेलेले सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर जवळजवळ सगळेच त्या यादीबाहेर राहिले आहेत. चालते यंत्र कोणत्या दिवशी म्हातारे झाले हे त्याच्या मालकाने नव्हे, तर दुसऱ्याच कोणी ठरवावे, ही गोष्ट मला मुळातच पटत नाही.

मात्र न पटणे वेगळे आणि दुरुस्त्यांविना तसेच चालवत राहणे वेगळे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले संगणक कुलूपबंद केले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ती मिळणेच बंद झाले होते, ते सापडले. तुमच्या उधारीच्या वहीवर अशी वेळ हंगामाच्या तोंडावर आली, तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून दोन्ही यंत्रांना एकच औषध देऊ नका. बिलांचा प्रोग्राम केवळ विंडोजवर चालणारा असेल, तर त्या यंत्राला विस्तारित दुरुस्त्यांची सोय करून घ्या. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे, व्यवसायांसाठी पैसे भरून त्यापुढेही मिळते. त्या यंत्रावर ईमेल, व्हॉट्सॲप आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह चालू देऊ नका. दर आठवड्याला उधारीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहा; न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, हे मी स्वतः एकदा तीन वर्षांचे फोटो गमावून शिकलो आहे.

मुलाच्या यंत्रावर मात्र मी निःशंकपणे लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारे मोफत सॉफ्टवेअर) बसवीन. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, ईमेल हे सारे ब्राउझरमध्येच चालते. पेन ड्राइव्हवरून ते आधी न बसवताच चालवून पाहता येते, तेव्हा त्या अर्ध्या तासात तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी टंकलेखन या तीनच गोष्टी तपासा. प्रिंटरने मान टाकली, तर काहीही न पुसता माघारी फिरता येते.

‘फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असेल,’ अशी शंका पत्राच्या शेवटी आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन अर्थ असल्यामुळे असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची चाळीस वर्षे खुलासे करण्यात गेली. आपल्याकडे सुदैवाने ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो दुसऱ्या अर्थाने. प्रोग्राम वाटेल तसा वापरावा, आतून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, एवढी मोकळीक वापरणाऱ्याला असली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा पुढे हीच मोकळीक देणाऱ्या ग्नूच्या परवान्याखाली आला. मुक्त म्हणजे निर्धोक, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘एक्सझेड’ नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या छोट्या प्रोग्रामात कोणीतरी दोनेक वर्षे मदतनीस म्हणून विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दुरून प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, तो कारण शोधत गेला आणि प्रकरण उघडे पडले. आतले लिखाण पाहण्याची मुभा होती म्हणूनच त्याला तळापर्यंत जाता आले. (हा अभियंता नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच आहे, हे विंडोजवर रागावलेल्यांनी ध्यानात ठेवावे.)

प्रश्न : मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक आहे. भाच्याच्या नंबरवरून कुटुंबाच्या गटात लग्नपत्रिका आली, फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते. मी उघडली नाही. मेहुण्यांनी उघडली आणि रात्रीतून खात्यातले अठ्ठेचाळीस हजार गेले. बँक म्हणते, चूक तुमचीच. ओटीपी तर त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता.

उत्तर : सर, पत्रिका चित्र म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके हे फोनवर बसणारे ॲप असते. भाच्याने ते पाठवलेलेच नसावे, आधी त्याचा फोन बाधित झाला आणि मग त्याच्या नावाने ते पुढे गेले. असे ॲप उघडताच एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. आपण पत्रिका पाहण्याच्या घाईत ‘होय’ दाबतो, आणि नंतर ओटीपी येतो तो थेट चोराला दिसतो. मेहुण्यांनी ओटीपी सांगितला नाही हे खरे, पण फोननेच तो सांगितला. आपल्या खिशातले यंत्र दुसऱ्याचा हुकूम ऐकू लागते, ते असे.

पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करायचा, बँकेच्या शाखेत जाणे त्यानंतर; रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तर त्यात मिनिटांचाच हिशेब असतो. ‘चूक तुमचीच’ हे बँकेचे वाक्य तोंडी स्वीकारू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमांनुसार अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर त्याची जबाबदारी शून्य धरली जाते. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ॲप बसवणे हा निष्काळजीपणा ठरेल का, यावर बँक वाद घालणार, हे धरून चला. त्यामुळे तक्रार लेखी द्या, पोच घ्या, कळवल्याची तारीख आणि वेळ जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

याच चोऱ्यांचा दाखला देऊन गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की, पुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख नोंदवलेल्या निर्मात्यांचीच ॲप बसतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली असली तरी. मेहुण्यांचे ऐकून हा निर्णय तुम्हाला योग्य वाटेल, पण मला तो मान्य नाही. खोट्या नावाने सिमकार्ड आणि बँक खाती मिळवणाऱ्या टोळ्यांना खोट्या नावाने निर्माता होणे जड जाणार नाही, आणि अडचण होईल ती एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त ॲपच्या भांडाराची, किंवा गावासाठी हौसेने ॲप लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असे सांगितले. ती वाट किती अरुंद असते, यावर पुढचे अवलंबून आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवरचे आमचे बोलणे कोणी वाचू शकते का? (नंदुरबार)

उत्तर : वाटेत नाही, २०१६ पासून तेथे दोन्ही टोकांपर्यंतचे कूटबंधन आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मजकूर कोणालाही वाचता येत नाही. पण गूगलच्या साठ्यात जाणारी तुमची प्रत आपोआप तशी कूटबद्ध होत नाही, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागते. आणि तुम्ही कोणाशी, केव्हा बोललात, एवढे कंपनीला कळतेच.

प्रश्न : शेतकरी ओळख क्रमांक, पीकविमा, बँक, प्रत्येक ठिकाणी आधारची झेरॉक्स द्यावी लागते. देऊ नये असे म्हणतात, पण दिल्याशिवाय काम होत नाही. (शहादा)

उत्तर : मागच्या उन्हाळ्यात आत्याबरोबर जळगावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर आधार मागवले, छापले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या पडद्यावर ‘आधार नवे’, ‘आधार २’, ‘आधार फायनल’, ‘काकू आधार’ अशा फाइलींची तीन-चार रांगांची पंगत बसली होती. पुसायला सांगितल्यावर तो चकित झाला, कारण त्याला तसे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. त्याने आत्याची फाइल पुसली, ती कचरापेटीत गेली, आणि कचरापेटीत आणखी दोनशे फाइली होत्या.

तेव्हा पहिला उपाय कायद्याचा नाही, तर समोर उभे राहून पुसून घेण्याचा आहे. जिथे केवळ ओळख दाखवायची आहे, उदाहरणार्थ लॉजमध्ये, तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे झाकलेले आधार चालते. ते आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून उतरवता येते. योजनेला क्रमांकच लागत असेल, तर तो द्यावा लागतो. त्या प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. बोटांच्या ठशांवर पैसे काढण्याची सोय वापरत नसाल, तर ठसे आधारच्या ॲपमधून कुलूपबंद करा आणि रेशनसारखे काम असेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही.

हक्कांचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने बँक खाते व मोबाइलसाठी आधारची सक्ती उठली. विदा (म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. याच कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद मात्र अधिक कडक केली. नागरिकाच्या झेरॉक्सचे रक्षण पुढच्या तारखेला आणि कार्यालयातल्या कागदांचे रक्षण ताबडतोब, हा क्रम मला उलटा वाटतो.

प्रश्न : धुळ्यात पंचवीस वर्षे अक्षरजुळणी करतो. जुन्या फाँटमधल्या स्मरणिका नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून उघडतात. तुमच्या त्या ‘डिजिटल हक्कां’त हे बसते का?

उत्तर : बसते, आणि माझ्या लेखी सर्वांत आधी बसते. तुम्ही मराठी लिहिले असे तुम्हाला वाटत होते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच होती. फाँट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवत होता, आणि प्रत्येक कंपनीचा अंगरखा वेगळ्या मापाचा होता. तो फाँट, त्याचा परवाना किंवा परवान्याची डाँगल (संगणकाला जोडायची किल्ली) गेली की मजकूर गेला. लिहिलेले तुमचे आणि वाचण्याची किल्ली दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता. युनिकोडमध्ये ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके याच्या उलट आहे. प्रोग्राम इथे अडखळतो आणि सर्वांत जास्त घोटाळा चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा करतो. एका स्मरणिकेचे रूपांतर तपासताना मला ‘सातपुड्याच्या दर्या’ असे वाचायला मिळाले. लेखकाने लिहिले होते ‘दऱ्या’. सातपुड्याला समुद्र देणारा तो प्रोग्राम विकत घेतलेला होता, हे विशेष.

तेव्हा जुना संगणक फाँटसह निदान एक तरी जिवंत ठेवा आणि त्यावरून प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, म्हणजे मूळ रूप हाती राहील. मग रूपांतर करून ती पीडीएफ शेजारी ठेवा आणि मुद्रितशोधन करा. पुढच्या कामासाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ वापरून पाहा. त्याचा परवाना खरोखरच मुक्त आहे, आणि छपाईतही तो नेटका उतरतो. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली रूपांतरित करणार असाल, तर छापण्याआधी ‘वऱ्हाडी’ हा शब्द शोधून पाहायला विसरू नका.