उपग्रह असताना बांधावर माणूस कशासाठी?

प्रश्न : आमच्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून नोंद, सुरू झाली. आफ्रिकेतील अनेक देशांत मात्र शेती आणि निसर्गसंपत्ती यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आजही गावोगाव माणसे पाठवून मोजमाप केले जाते, असे वाचले. उपग्रहाची चित्रे उपलब्ध असताना हा खटाटोप का, आणि अशा माहितीवर कितपत भरवसा ठेवावा?
– एक मका उत्पादक वाचक, येवला, जि. नाशिक

उत्तर : सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे साधारण एका गुंठ्याचा असतो. मलावी किंवा युगांडातील छोट्या शेतकऱ्याच्या शेतात मका, घेवडा आणि कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) अनेकदा एकत्रच उभे असतात, मधेमधे झाडे असतात, आणि पीक ऐन भरात असते तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते. त्या ठिपक्यात नेमके कोणते पीक आहे, हे कोणीतरी शेतात उभे राहून नोंदवले, तरच संगणकाला पुढच्या हजारो ठिपक्यांची ओळख पटवता येते. उपग्रहामुळे माणसाचे काम संपलेले नाही. उलट, त्याच्या नोंदीत चूक झाली तर ती आता साऱ्या नकाशावर पसरते.

म्हणून भरवशाचा पहिला प्रश्न असा विचारावा की, मोजण्याची जागा कोणी निवडली? पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो डांबरी रस्त्यालगतचे, जीप पोहोचेल असे शेत निवडतो, आणि अशी शेते बहुधा बाजाराजवळची व बऱ्या स्थितीतली असतात. नैरोबीच्या जागतिक कृषिवानिकी केंद्राने जमिनीची धूप आणि ऱ्हास मोजण्यासाठी बसवलेली पद्धत मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तीत 10 किलोमीटर बाय 10 किलोमीटरचा एक प्रदेश घेऊन त्याचे 16 गट पाडतात आणि प्रत्येक गटात 10 जागा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, आधीच ठरवतात. अशा 160 जागी, मग तेथे शेत असो, कुरण असो वा झुडपी रान, पथकाने जायचेच असते. तेथे झाडे-झुडपे मोजली जातात, धुपीच्या खुणा नोंदवल्या जातात आणि 0 ते 20 व 20 ते 50 सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचे नमुने घेतले जातात. शेत आणि रान यांची नोंद एकाच मापाने होत असल्यामुळे, रान मोडून शेत केले तेव्हा मातीतला सेंद्रिय कर्ब किती घटला, हेही ताडून पाहता येते.

दुसरी अडचण शेतकऱ्याला विचारून मिळणाऱ्या आकड्यांची आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने इथिओपिया, नायजेरिया, टांझानिया, मलावी आदी देशांत जी कुटुंब-पाहणी होते, तिच्यात सांगितलेले क्षेत्र आणि जीपीएसने मोजलेले क्षेत्र ताडून पाहिले गेले. लहान तुकड्याचा धनी क्षेत्र वाढवून सांगतो आणि मोठ्याचा कमी करून, असे त्यातून वारंवार दिसले. ही लबाडी नव्हे, कारण ज्याने जमीन कधी मोजून घेतलेली नाही तो अंदाजच सांगणार. तरीही या अंदाजाने भागिले की हेक्टरी उत्पादनाचा आकडा बिघडतो आणि लहान शेतकरी आहे त्याहून कमी पिकवणारा ठरतो. मापांचेही तसेच आहे : मलावीत धान्य बादलीने मोजतात, आणि आपल्याकडे पायलीबाबत विचारावे तसेच तेथेही बादली सपाट की शीग लावून, हे विचारावे लागते, त्यासाठी पाहणी करणारे मापांची छायाचित्रे जवळ ठेवतात. कसावा तर लागेल तसा खणून काढतात, त्यामुळे वर्षअखेरीस त्याचे एकूण उत्पादन विचारणे जवळजवळ व्यर्थ असते. तेथे घरच्या माणसाने वरचेवर नोंद ठेवणे हाच खरा उपाय आहे.

आपण मका करता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत 2016 मध्ये आढळली आणि 2018 मध्ये ती भारतात पोहोचली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी जे मोबाइल अॅप दिले, त्यात बांधालगतची चार झाडे पाहून भागत नाही. शेतात नागमोडी चालत वेगवेगळ्या ठिकाणची झाडे तपासून त्यांपैकी किती बाधित आहेत, हे भरावे लागते. तपासणीची ही रीत येवल्याच्या मक्यालाही तशीच लागू पडते.

प्रश्न : आमच्या डोंगराळ भागात मोबाइलला रेंज नसते. आफ्रिकेतल्या दुर्गम गावांत मोबाइलवर नोंदी कशा करतात?
– एक नागली उत्पादक वाचक, सुरगाणा

उत्तर : ओडीके आणि कोबो यांसारख्या, मोबाइलवर पाहणीचे अर्ज भरण्याच्या प्रणालींत प्रश्नावली आधीच फोनमध्ये उतरवून घेतात. छायाचित्र आणि जीपीएसचे स्थान यांना इंटरनेट लागत नाही. भरलेला अर्ज फोनमध्येच राहतो आणि रेंजच्या गावी आल्यावर पाठवला जातो. अशक्य आकडा भरला तर फोन तेथेच अडवतो, हा याचा मोठा फायदा, कारण चूक शेतात उभे असतानाच दुरुस्त होते. फोनची बॅटरी मात्र दिवसभर पुरेल याची तजवीज पथकाला आधीच करावी लागते.