स्टेज टू मागा, आणि लेखीच मागा

ताई, तुमच्या अपंग मुलाचे शॉर्ट ब्रेकचे तास (घरच्यांना विसावा मिळावा म्हणून मुलाला सांभाळायला मिळणारी मदत) निम्मे केले, त्याच्या गरजांचं नवं असेसमेंट रखडलं, आणि तक्रार केल्यावर कौन्सिलने ‘कॉर्पोरेट कम्प्लेंट’ म्हणजे नेहमीची सर्वसाधारण तक्रार म्हणून एका पत्रात ती बंद केली, असं तुम्ही लिहिलंय. त्या पत्राने काहीही संपलेलं नाही. इंग्लंडमध्ये अपंग मूल १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली ‘चाइल्ड इन नीड’ म्हणजे मदतीची गरज असलेलं मूल ठरतं आणि त्याच्या सेवांबद्दलच्या तक्रारीला कायद्यानेच तीन पायऱ्या घालून दिल्या आहेत. कचरा उचलला नाही या तक्रारीची पद्धत इथे चालत नाही. (वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे.)

कौन्सिलच्या कम्प्लेंट्स मॅनेजरला आजच ईमेल करा. फोन नको. एवढंच लिहा: ही तक्रार चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या प्रक्रियेखालची आहे, तुमचं पत्र मी पहिल्या पायरीचं उत्तर धरते, मला स्टेज टू, म्हणजे दुसरी पायरी, हवी आहे. पहिल्या पायरीला १० कामाचे दिवस मिळतात, फार तर २०. ते उलटले तर उत्तर आलेलं नसतानाही पुढची पायरी मागता येते. ‘आधी मीटिंग घेऊ’ म्हणाले तर मीटिंगला जरूर जा, पण मागणी मागे घेऊ नका. तुम्ही स्टेज टू मागितल्यावर ती नाकारणं त्यांच्या हातात नसतं.

स्टेज टूमध्ये एक तपास अधिकारी असतो आणि त्याच्यासोबत कौन्सिलचा नोकर नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती. मुदत २५ कामाचे दिवस, वाढवून ६५. ते दोघं आधी तुमच्याशी बोलून तक्रारीचे मुद्दे लेखी ठरवतात, आणि माझ्या मते निम्मं प्रकरण तिथेच ठरतं. सोशल वर्कर नीट बोलली नाही, फोन उचलला नाही, हे आपण पोटतिडकीने सांगतो आणि तासांचा मुद्दा खाली ढकलला जातो. वरचा मुद्दा असा हवा: असेसमेंट ४५ कामाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवं होतं, झालं नाही, आणि ते पूर्ण होण्याआधीच तास कमी केले. प्रत्येक मुद्द्यासमोर तारीख, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय तेही: तास पूर्ववत, असेसमेंट अमुक तारखेपर्यंत, बुडालेल्या तासांची भरपाई. मसुदा शांतपणे वाचल्याशिवाय मान्य करू नका.

निकाल पटला नाही तर २० कामाच्या दिवसांत स्टेज थ्री मागायची. तिथे तीन स्वतंत्र लोकांचं पॅनल तपास नीट झाला का ते पाहतं. त्यानंतर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था, तेही मोफत. त्यांच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, पण कौन्सिल त्या सहसा पाळतात. आणि कौन्सिलने स्टेज टूच नाकारली किंवा लांबवली, तर तेवढ्या मुद्द्यावर ऑम्बुड्समनकडे आत्ताच जाता येतं.

तुमचे मिस्टर म्हणतात, ‘कशाला वैर घ्यायचं, उद्या मुलालाच घेऊन जातील.’ ही भीती मी आपल्या घराघरांत ऐकते आणि तिच्यापायी मुलांचं हक्काचं बुडताना पाहून फार वाईट वाटतं. मुलाला घरातून न्यायला कोर्टाचा आदेश किंवा तुमची संमती लागते. तातडीचा धोका असेल तरच पोलिसांना अधिकार आहे, तोही जास्तीत जास्त ७२ तास. आईने तक्रार केली, हे यातलं कुठलंच कारण नाही. मिस्टरांना हे वाचायला द्या. तुमच्या मुलाला स्वतःच्या वतीने तक्रार करायची असेल तर कौन्सिलने त्याला अ‍ॅडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडायला मदत करणारी व्यक्ती) मिळवून द्यायचा असतो.

कोर्टाने दिलेले निर्णय या प्रक्रियेत येत नाहीत. चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्सच्या (मुलाच्या सुरक्षिततेबद्दलच्या अधिकृत बैठकीच्या) तक्रारींचा मार्गही बहुधा वेगळा असतो. तुमच्या प्रकरणात दोन्ही नाहीत.

एक अडचण मात्र होऊ शकते. घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करायची असते. उशीर झाला तर ऐकायचं की नाही ते कौन्सिल ठरवतं. तास कधी कमी केले आणि तुमची पहिली ईमेल कधी गेली, या दोन तारखा इथे लिहा. मुद्द्यांचा मसुदा आला की नावं खोडून तोही टाका, मी वाचून सांगते.