वाचा गेली, पाढे राहिले

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराच सुधारला आहे. पण पाणी हवे असले तरी त्यांना तो शब्द सापडत नाही. संध्याकाळची आरती आणि पावकी-निमकीचे पाढे मात्र ते न अडखळता म्हणतात. त्यामुळे घरची मंडळी त्यांना हट्टी ठरवतात. त्यांची बुद्धी गेली आहे की बोलण्याची इच्छा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून, बहुधा दोन्हीही नाही. उजव्या हाताची दुर्बलता आणि हरवलेले शब्द यांवरून इजा मेंदूच्या डाव्या भागात झाली असावी असे दिसते. मेंदूच्या इजेमुळे शब्द हरवण्याच्या या विकाराला वाचाघात म्हणतात.

1861 साली पॅरिसमध्ये शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला, ज्याला बोललेले बरेचसे समजत असे, परंतु तोंडातून 'टॅन' एवढेच निघत असे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या ललाटखंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या, खालच्या बाजूस इजा आढळली आणि तोच भाग वाचेचे केंद्र म्हणून प्रसिद्ध झाला. मात्र जतन केलेल्या त्याच मेंदूची एमआरआय तपासणी 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा इजा बरीच खोलवर, निरनिराळे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. मेंदूच्या तक्त्यावर 'येथे भाषा, येथे स्मृती' असे रंगीत ठिपके देण्याची पद्धत मला म्हणूनच फारशी पटत नाही.

नवे वाक्य बोलताना शब्द निवडणे, त्यांची जुळणी करणे आणि उच्चारांची आखणी करणे ही कामे क्षणार्धात करावी लागतात, आणि बहुसंख्य लोकांत त्यांचा मुख्य भार डाव्या बाजूच्या जाळ्यावर असतो. लहानपणापासून घोकलेल्या मजकुरात निवड करावीच लागत नाही. एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. अशा बोलण्याला उजवा अर्धगोल आणि मेंदूतील खोलवरचे काही पेशीसमूह हातभार लावतात, असे मानले जाते. 'सात पाव किती?' असे मध्येच विचारून पाहा. कदाचित सासऱ्यांना पाढा पहिल्यापासून म्हणत 'पावणेदोन'पर्यंत यावे लागेल. तेव्हा, ज्याला पाढे येतात त्याला पाणीही मागता आले पाहिजे, हा घरच्यांचा तर्क टिकत नाही.

आकलन किती शाबूत आहे, हे मात्र वाक्-उपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. शब्द सुरात बांधून म्हणवून घेण्याची उपचारपद्धती 1973 साली बॉस्टनच्या संशोधकांनी मांडली. ती सर्वांनाच सारखी लागू पडत नाही. झटक्याला वर्ष झाले म्हणून उपचार सोडू नयेत, कारण सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असला तरी ती पुढेही होऊ शकते. घरी एका वेळी एकच, 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा, त्यांचे वाक्य आपण पूर्ण करण्याची घाई टाळावी, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलावे तसे बोलू नये.