कोल्हापुरात रंकाळ्याजवळून शिवाजी विद्यापीठात रोज सायकलनं जायला सुरक्षित रस्ता कोणता?

जवळचा रस्ता बघू नका, कमी वर्दळीचा बघा. दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. दाभोळकर कॉर्नर, कावळा नाक्याकडं वळूच नका. राजारामपुरीत मेन रोड सोडून आतल्या गल्ल्या धरा, पण उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधी उघडेल नेम नाही. ठरवलेला रस्ता आधी रविवारी आणि मग ऑफिसच्या वेळेला फिरून बघा.

मला खरी काळजी वाटते ती गळीत हंगामाची, म्हणजे साखर कारखान्यांना ऊस जायच्या दिवसांची. ट्रॅक्टर पुढं गेला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मागच्या दुसऱ्या ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस खांद्याला घासून जातो. ट्रॅक्टरचा आवाज आला की कडेला उतरून थांबा, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. अंधार पडायच्या आत निघता येत नसेल, तर मागं लाल दिवा हवाच.