मुलगा अडीच वर्षांचा होऊनही बोलत नाही आणि अर्धांगवायूनंतर वडिलांची वाचा गेली आहे. स्पीच थेरपीचा दोघांना उपयोग होईल का?

आपल्या प्रश्नात दोन माणसे आहेत, त्यामुळे उत्तरही थोडे लांबेल. मुलगा चार-पाच शब्दांपलीकडे जात नाही आणि घरातील मंडळी ‘याचा मामाही उशिराच बोलला’ म्हणून थांबायला सांगतात. तीन महिन्यांपूर्वी झटका आल्यापासून वडिलांच्या तोंडून ‘हो’ आणि ‘अगं’ याखेरीज शब्द निघत नाही. आणि तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट नसताना शहरात खेपा घालण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. मी गेली १८ वर्षे हेच काम करते आणि माझ्या मते दोघांच्याही बाबतीत अर्थ आहे. मात्र मुलाची भाषा अजून घडायची आहे, तर वडिलांची घडलेली भाषा बाहेर येण्याची वाट अडली आहे. त्यामुळे दोघांवरचे उपचार नावाने एकच असले तरी कामाची रीत पूर्णपणे वेगळी असते.

मुलाच्या बाबतीत आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. ‘दार वाजले की वळून बघतो, म्हणजे ऐकू येते’ हे पालकांचे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. पण दाराचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असतेच, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणे मंदावते. ओएई आणि बेरा या श्रवणचाचण्यांत मुलाला काहीच दुखत नाही. बेरा तर मूल झोपेत असतानाच करतात. त्यानंतरचा प्रश्न समजुतीचा. हातवारे न करता ‘बाबांची चप्पल आण’ म्हटले तर तो आणतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, नावाने हाक मारली की बघतो का, हे आपण घरीच पाहू शकता. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई दूध’, ‘बाबा गेला’ अशा दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात, म्हणजे मामाचा दाखला देऊन थांबण्याची वेळ टळून गेली आहे. तो बोट दाखवत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गमावले असतील, तर बालविकासतज्ज्ञांनाही लगेच दाखवावे. जिभेखालचा दोरा कापून घ्यावा का, असे बहुतेक जण विचारतात. त्या दोऱ्यामुळे एखाददुसरा उच्चार अडू शकतो, पण मुलाचे शब्दच अडून राहत नाहीत. ‘र’ आणि ‘ळ’ तसेही उशिरा येतात, तेव्हा बोबडेपणाची चिंता आज करू नये.

थेरपी सुरू झाली की ‘इथे नुसते खेळतात’ अशी तक्रार हमखास येते, आणि ती समजण्यासारखीही आहे. खेळ मात्र हेतुपुरस्सर असतो. गाडी उतारावरून सोडायची, मध्येच धरून ठेवायची, मुलाकडे बघत थांबायचे; त्याने आवाज केला, हात पुढे केला, तरी ‘गाडी सोड’ म्हणून ती सोडायची. तो ‘गाडी’ म्हणाला तर आपण ‘गाडी पडली’ म्हणायचे, म्हणजे त्याच्या शब्दापुढे एकच पाऊल टाकायचे. ‘हे काय? ते काय? म्हण, गाडी म्हण’ ही घरोघरी चालणारी तोंडी परीक्षा मात्र बंद करावी. आठवड्यातून दोनदा पाऊण तास माझ्यासमोर जे होते, ते अंघोळीच्या, जेवणाच्या आणि कपडे घालण्याच्या वेळी रोज घरी झाले तरच भाषा वाढते. मोबाइल बाजूला ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये. पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घरातील मराठी सोडून द्या, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाप त्याला आपली सहज भाषा देऊ शकत नाहीत.

आता वडिलांविषयी. आपण केलेल्या वर्णनावरून हा वाचाघात, म्हणजे मेंदूतील इजेमुळे भाषा वापरता न येणे, असावा, तरी निदान तपासणीनंतरच करता येईल. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली, जो ‘टॅन’ एवढाच शब्द उच्चारू शकत असे; मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागात इजा आढळली. बहुतेक माणसांची भाषा डाव्या बाजूला असते, म्हणूनच वाचेबरोबर उजवा हात-पायही लुळा पडल्याचे अनेकदा दिसते. बुद्धी, आठवणी आणि माणसांची ओळख शाबूत असूनही माणूस बोलू शकत नाही, हे घरच्यांना पटवणे कधीकधी उपचारांहून अवघड जाते.

कारण काही गोष्टी खरोखरच चकवतात. जो माणूस पाणी मागू शकत नाही, तो गणपतीची आरती सुरात म्हणतो, एक ते दहा आकडे घडाघड मोजतो, आणि जन्मात उच्चारली नसेल अशी शिवीही त्याच्या तोंडून निघते. ‘आरती येते, मग पाणी म्हणायला काय होते?’ असे चिडून विचारणारे मुलगे मी पाहिले आहेत. हा हट्ट नव्हे. पाठ झालेले आणि सुरातले बोलणे विचार करून जुळवलेल्या वाक्याच्या वाटेने येत नाही, आणि सुरात मेंदूच्या उजव्या बाजूचाही वाटा असतो. १९७३ साली मांडली गेलेली एक उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे: ‘पाणी हवं’ यासारखे छोटे वाक्य डाव्या हाताने ठेका धरून गाण्यासारखे म्हणायचे आणि हळूहळू सूर कमी करत नेहमीच्या बोलण्यावर यायचे. ती सर्वांना लागू पडत नाही, पण वडिलांना आरती येत असेल तर थेरपिस्टला हे आवर्जून सांगावे.

तोवर घरी एका वेळी एकाच माणसाने बोलावे, टीव्ही बंद ठेवावा, कप आणि पेला समोर धरून ‘चहा की दूध?’ असे विचारावे आणि निदान दहा सेकंद थांबावे. ओरडून बोलू नये. त्यांच्या कानांना काही झालेले नाही. आणि कृपा करून त्यांच्या हाती मुळाक्षरांचे पुस्तक देऊ नये. त्यांची भाषा पुसली गेलेली नाही, त्यामुळे ती ‘अ आ इ’पासून शिकवण्यात काही हशील नाही, अपमान मात्र होतो.

वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो का? तसे असेल तर अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टच करतात आणि ती बोलण्यावरच्या उपचारांआधी व्हायला हवी; तोपर्यंत आडवे ठेवून भरवू नये. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो आणि त्यातले तीन गेले आहेत, म्हणून मी आपणास घाई करायला सांगते. पुढेही सुधारणा होत राहते, फक्त संथपणे.

कोठे जावे? मुलासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अंगणवाडीतून चौकशी करावी. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी विनाशुल्क होते. मुंबई गाठता येत असेल तर वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि नायर रुग्णालयातही वाचा-श्रवणाचा विभाग आहे. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. त्याने कोणी चांगला थेरपिस्ट दुखावत नाही. वडिलांची अडचण कायम राहिली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचा उल्लेख आहे, त्या आधारे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

खेपांचे म्हणाल, तर पहिली तपासणी समक्ष झाली की पुढची बरीच सत्रे व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात, फक्त त्या वेळी घरातील एक जाणते माणूस शेजारी बसलेले हवे. पहिल्या भेटीला येताना वडिलांचा सीटी किंवा एमआरआयचा अहवाल आणावा, आणि मुलगा जेवताना वा खेळताना नेहमीसारखा वागत असल्याचे पाच मिनिटांचे चित्रण आणावे, कारण अनोळखी खोलीत शिरल्यावर तो बहुधा आईच्या पदराआड लपून बसेल.